मदत हवी आहे: पोगो पिनांचा आयएसपी अडॅप्टर कधी चिप ओळखतो, कधी नाही

एटमेगा३२८पी या मायक्रोकंट्रोलर चिपचे ४० बोर्ड प्रोग्रॅम करायचेत. आयएसपी (बोर्डावरच्या चिपमध्ये थेट प्रोग्रॅम टाकायची सोय) हेडरची सहा भोकं आहेत, हेडर बसवायचा नाही. म्हणून पी७५-बी१ जातीच्या सहा पोगो पिना (स्प्रिंगवर दबणाऱ्या पिना) झिरो पीसीबीत (नुसत्या भोकांच्या बोर्डात) २.५४ मिमी अंतराने सोल्डर करून यूएसबीएएसपी प्रोग्रॅमरला जोडल्या. दाबून धरलं की कधी सिग्नेचर (चिपचा ओळख-क्रमांक) बरोबर येते (१ई ९५ ०एफ), कधी नुसती शून्यं. रिसेटची पिन तर दाबली की आतच राहते. काय चुकतंय?

प्रतिसाद १
आत राहिलेली पिन फेकून द्या. पिनेच्या नळीच्या तोंडाशी डाग दिला की सोल्डर आत ओढलं जातं आणि स्प्रिंग जाम होते.

मुख्य चूक टोकाची. बी१ ची सुई जेमतेम पाऊण मिमी जाड, हेडरचं भोक साधारण १ मिमी. सुई भोकात उतरते, कडेला टेकली तर टेकली. पी७५-ई२ घ्या. तिचं शंकूसारखं डोकं भोकाच्या काठावर गोल बसतं आणि पिन आपोआप मध्यावर येते. बी१ सपाट पॅडसाठी ठीक.

दुसरं, एकाच पीसीबीत पिना तिरक्या होतात. दोन तुकडे घ्या, मध्ये ६ मिमीचे स्पेसर. नळी १.०२ मिमीची, म्हणून भोकं १.१ च्या ड्रिलने मोठी करा. खालच्या तुकड्यातून पिन नुसती जाऊ द्या, डाग फक्त वरच्या तुकड्यात, शेपटीला, दोन सेकंदांत. ग्राउंडची पिन इतरांपेक्षा अर्धा मिमी खाली ठेवा, म्हणजे ती आधी टेकेल. दाब देताना पिना सुमारे २ मिमी आत जाव्यात. पूर्ण ठेचू नका.

प्रश्नकर्ता
ई२ लावल्या, दोन थर केले. वीज बंद ठेवून मल्टिमीटरने पाहिलं: एससीके (क्लॉक सिग्नल) पिनेच्या शेपटीपासून चिपच्या १७ नंबरच्या पायापर्यंत (टीक्यूएफपी-३२ हे ३२ पायांचं पॅकेज) बझर वाजतो, बाकीच्या पिनाही ठीक. तरी कोऱ्या चिपवर शून्यंच. आधी क्रिस्टलचे फ्यूज (बाहेरच्या क्रिस्टलच्या क्लॉकवर चालायची सेटिंग) टाकलेल्या चिपा मात्र लगेच ओळखल्या जातात.

प्रतिसाद २
मग हा वेगाचा घोळ आहे, पिनांचा नाही. कोरी चिप आतल्या ८ मेगाहर्ट्झला ८ ने भागून १ मेगाहर्ट्झवर चालते. एससीके त्याच्या चौथाईखाली, म्हणजे २५० किलोहर्ट्झच्या आत हवा. यूएसबीएएसपी स्वतःहून ३७५ देतो. एव्हीआरड्यूडला (प्रोग्रॅमर चालवणारं सॉफ्टवेअर) एससीके हळू करणारा '-बी १०' (-B 10) हा पर्याय द्या, आधी फ्यूज लिहा, मग फर्मवेअर त्या पर्यायाशिवाय पूर्ण वेगाने टाका.

आणि बोर्डावर ३.३ व्होल्टचा एखादा भाग असेल तर प्रोग्रॅमरच्या जंपरवर भिस्त ठेवू नका. बऱ्याच स्वस्त नकलांमध्ये तो फक्त व्हीसीसी (पुरवठ्याचं व्होल्टेज) बदलतो, सिग्नलच्या तारा ५ व्होल्टवरच राहतात.