‘साँ-पापिए’ला मराठीत काय म्हणावं?

बोरूवाला: पॅरिसच्या १९९६ च्या आंदोलनावरचा लेख मराठीत आणतोय. माली, सेनेगल वगैरे देशांतून आलेले, फ्रान्समध्ये राहण्याचे कागद नसलेले सुमारे ३०० जण त्या कागदांच्या मागणीसाठी मार्चमध्ये एका चर्चमध्ये जाऊन बसले. तिथून हुसकल्यावर फिरत फिरत जूनअखेर साँ-बेर्नार चर्चमध्ये आले. काहींनी उपोषण धरलं. २३ ऑगस्टला पोलिसांनी कुऱ्हाडीने दार फोडून सगळ्यांना बाहेर काढलं. एरवी अशांना ‘क्लांदेस्तँ’ म्हणत, म्हणजे लपूनछपून राहणारे. यांनी स्वतःसाठी ‘साँ-पापिए’ हे नाव लावून धरलं, शब्दशः ‘कागदांवाचूनचे’. मराठीत काय करू? संपादक ‘घुसखोर’ म्हणताहेत.

कोशकीटक: संपादकांना ‘-खोर’ची बाकी भावंडं दाखवा: लाचखोर, भांडखोर, चहाडखोर, हरामखोर. फारसीत ‘खोर’ म्हणजे खाणारा. मराठीत तो खोडीला, व्यसनाला चिकटतो. घुसखोर म्हटलं की घुसणं हा त्या माणसाचा स्वभावच ठरतो. शिवाय माहितीतही चूक. त्यांच्यातले पुष्कळजण रीतसर आले होते. १९९३ च्या पास्क्वा कायद्यांनी (पास्क्वा हे तेव्हाचे फ्रेंच गृहमंत्री) नियम आवळले आणि अनेकांचे राहण्याचे परवाने गेले. माणूस जागचा हलला नाही, कायदा हलला.

वस्तीकर: हे मुंबईत कुणाला समजावून सांगावं लागणार नाही. झोपडी अमुक तारखेआधीची असल्याचा कागद असेल तरच कुटुंब पुनर्वसनाला पात्र. ती तारीख आधी १ जानेवारी १९९५ होती, ती पुढे १ जानेवारी २००० झाली. त्याच घरातलं तेच कुटुंब अपात्रचं पात्र. ते काही परदेशातून आलेले नव्हेत, पण ‘कागद’ या शब्दाचं वजन तेच.

बोरूवाला: मग ‘बेकायदा स्थलांतरित’?

कोशकीटक: बांधकाम बेकायदा असतं, दारूचा गुत्ता बेकायदा असतो. माणूस कसा असेल? असोसिएटेड प्रेस या अमेरिकन वृत्तसंस्थेने २०१३ साली आपल्या शैलीपुस्तकात हाच नियम केला: हे विशेषण कृतीला लावा, व्यक्तीला नको. ‘बेकायदा वास्तव्य’ चालेल. मला ‘बिनकागदी’ आवडतं. बिनपगारी, बिनभाड्याचा, तसं.

सातासमुद्री: बिनकागदी म्हटलं की मला पेपरलेस ऑफिस आठवतं. ‘विनाकागद’ म्हणा, विनातिकीटसारखं. न्यू जर्सीत आपली माणसं यातलं काहीच म्हणत नाहीत. म्हणतात ‘त्याचं स्टेटस गेलं’, म्हणजे तिथे राहण्याची कायदेशीर परवानगी गेली. नोकरी गेल्यासारखं, आणि तेही आवाज खाली आणून.

वस्तीकर: विनातिकीटला दंड असतो राव! तो वास येतोच.

बोरूवाला: दुसरी अडचण. लेखाचा उत्तरार्ध अमेरिकेतल्या ‘कम्युनिटी ऑर्गनायझिंग’वर आहे, म्हणजे एका भागातल्या लोकांनी आपल्या प्रश्नांसाठी स्वतःच एकत्र येणं. ‘समाज संघटन’?

वस्तीकर: अजिबात नको. मराठीत ‘आमचा समाज’ म्हणजे जात. वधूवर मेळावा आणि गुणवंतांचा सत्कार डोळ्यांसमोर येतो. ‘तळागाळातलं’ही टाळा, त्यातला गाळ राहू दे बाजूला, पण त्या शब्दात लोक कायम कुणीतरी उद्धार करण्याच्या जागी असतात. इथे तर तेच बैठक बोलावतात. कार्यकर्ते साधं म्हणतात, ‘वस्तीत बांधणी चालू आहे’. वस्तीबांधणी म्हणा.

कोशकीटक: वस्तीबांधणी म्हणजे घरकुल योजना वाटेल. ‘वस्तीतली बांधणी’ ठेवा. तो एक ‘-तली’ फार काम करतो.

बोरूवाला: पटलं. आणि ‘होर्नालेरो’? शब्द स्पॅनिश आहे. अमेरिकेत सकाळी बांधकाम-सामानाच्या दुकानांबाहेर कामासाठी उभे राहणारे. २००१ मध्ये त्यांच्या गटांचं देशव्यापी जाळंही झालं. ‘दिवसमजूर’ लिहिलंय.

वस्तीकर: अहो, नाका कामगार! ठाण्या-मुंबईत रोज सकाळी दिसतात की. ठेकेदार टेम्पो थांबवतो, बोटं दाखवून चौघांना उचलतो, संध्याकाळी पैसे बुडवतो. तिकडच्या संघटनाही बुडवलेल्या मजुरीच्या वसुलीत असतातच.

कोशकीटक: व्युत्पत्तीने मात्र ‘रोजंदार’ जास्त जवळ. स्पॅनिशमध्ये ‘होर्नाल’ म्हणजे दिवसाची मजुरी, म्हणजे आपला रोज. पण नाक्यावरचं उभं राहणं रोजंदारात नाही. नाका कामगारच घ्या.

बोरूवाला: घेतलं. मुख्य शब्दासाठी पहिल्यांदा ‘साँ-पापिए’, मग सगळीकडे ‘कागद नसलेले’. लांब आहे, पण विचित्र नाही. शीर्षकात मात्र ‘बिनकागदी’ ठेवतोय.

सातासमुद्री: शीर्षक वाचून कुणीतरी ई-फायलिंगची माहिती मागणार, बघा.