'गडण' आणि 'गेळती': वडगावच्या गल्लीत दोन मुलींची प्रेमकथा चित्रित करावी का?

वडगावची लेक
बावीस मिनिटांच्या लघुपटाची संहिता लिहून झालीय. आमच्या बेळगावच्या वडगावात पॉवरलूमच्या खोलीत कांड्या भरणारी एक मराठी मुलगी आणि शेजारी भाड्यानं राहायला आलेली बैलहोंगलची कन्नड नर्स. मागाच्या खडखडाटात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून दोघी ओठांवरून एकमेकींचं बोलणं ओळखायला शिकतात. प्रेम तिथंच सुरू होतं. शेवटी कुणी मरत नाही, कुणाचं घाईनं लग्न लावून देत नाहीत. दोघी सीबीटी बसस्थानकावरून खानापूरची बस धरतात, मलप्रभेच्या काठी बसतात आणि संध्याकाळी घरी परततात.

शेवट मी बदलणार नाही. तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' १९८१ साली रंगमंचावर आलं. त्या काळात असं नाटक लिहायला छाती लागते. पण त्यातली, एका मुलीवर प्रेम करणारी सुमित्रा शेवटी जीव देते. शाळेत असताना ते वाचलं आणि कितीतरी दिवस वाटत राहिलं, की आपल्यासारखीचं हेच होणार.

नाव 'गडण' ठेवायचंय. जात्यावरच्या ओव्यांत बाई जिवाभावाच्या मैत्रिणीला गडण म्हणते. संहितेतली नर्स कांडीवाल्या मुलीला 'गेळती' म्हणते, म्हणजे कन्नडमध्ये मैत्रीण. 'समलिंगी' हा शब्द आमच्या घरात कधी कुणाच्या तोंडी आला नाही. 'गडण' आजीच्या तोंडी रोज असायचा.

शूटिंग आमच्याच गल्लीत, पाऊस संपल्यावर. मोकळेपणानं मत द्या.

हिंडलगेकर
बाळ, राग मानू नकोस, पण मला हे पटलेलं नाही. १९८६ च्या जूनमध्ये कन्नडसक्तीविरुद्धच्या आंदोलनात आपली माणसं गोळीबारात गेली. ते दिवस मी पाहिलेत. आपल्या बोलीत मुळात चित्रपट निघतात किती? एक निघतोय, तर तो मराठी शाळांवर निघावा, मराठीत कागद मिळावा म्हणून खेटे घालणाऱ्या माणसावर निघावा. आणि दुसरी मुलगी कन्नडच कशाला?

गडणीबद्दल तर जास्तच वाईट वाटलं. माझ्या आईच्या ओव्यांतली गडण म्हणजे सासुरवासात डोकं टेकायला मिळालेला खांदा. त्या निर्मळ मैत्रीला नवा अर्थ चिकटवू नये.

वडगावची लेक
काका, 'निर्मळ' या शब्दापाशी मी थांबले. माझ्या दोघींचं प्रेमही निर्मळच आहे. सगळ्या ओव्यांचा अर्थ मी बदलत नाही. पण इतक्या बायकांनी इतकी वर्षं दळलं, त्यांतल्या एखादीला गडणीवाचून दुसरं कुणीच नको असेल, तर ती हे कुठल्या शब्दात सांगणार होती? तिच्याकडे हाच शब्द होता.

नर्स कन्नड आहे कारण आमच्या भिंतीला भिंत लागून कन्नड घर आहे. लहानपणी ताप आला की त्यांच्याकडची आजी दृष्ट काढायला यायची. सीमाप्रश्नात मी तुमच्याच बाजूची आहे. त्यासाठी शेजारीण खोटी लिहिणार नाही.

अनगोळची आई
मला दोन मुली आहेत, दहावी आणि बारावीला. माझा विरोध वेगळ्या कारणासाठी आहे. आज त्या मैत्रिणींच्या गळ्यात हात टाकून क्लासला जातात, एकमेकींकडे राहायला जातात, कुणी वळूनही बघत नाही. मुलींना मिळालेली एवढीच मोकळीक आहे. उद्या हा लघुपट सगळ्यांच्या मोबाईलवर फिरला, की प्रत्येक जोडीकडे बोट दाखवणार. ते बोट आधी माझ्या मुलीवर येईल, तुझ्या नायिकेवर नाही. तुला तुझी गोष्ट सांगायचीय हे मला कळतं. पण त्याची किंमत इतर मुलींनी का मोजायची?

खानापूरवाली
ताई, तुमची भीती खोटी नाही. पण बोट दाखवणारे चित्रपटाची वाट बघत नाहीत. हॉस्टेलला माझ्या खोलीतल्या दोघींबद्दल कुजबुज सुरू झाली, तेव्हा कुणी काही पाहिलेलं नव्हतं. एकीला वर्ष अर्धवट टाकून घरी नेलं. मी गप्प बसले. ते आजही सलतं. १९९८ साली दोन बायकांच्या प्रेमावरच्या 'फायर' चित्रपटावरून मुंबईत थिएटरं फोडली, तेव्हाही घरच्या संस्कृतीचंच कारण पुढे केलं होतं. तुमच्या दोन मुलींपैकीच एखादी तशी असेल, तर तिला ही मोकळीक किती दिवस पुरेल?

अनगोळची आई
शेवटच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आत्ता नाही. तरीही विरोध आहे.

निपाणीजवळून
नाव देत नाही. आम्ही दोघी नऊ वर्षं एकत्र राहतो. घरमालकाला मावसबहिणी म्हणून सांगितलंय.

लघुपट जरूर कर, शेवटही तोच ठेव. पण स्वतःच्या गल्लीत शूटिंग करू नकोस. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं असं प्रेम गुन्हा नाही म्हटलं, त्या रात्री आम्ही कुंदा आणून खाल्ला. १७ ऑक्टोबर २०२३ ला त्याच न्यायालयानं लग्नाचा हक्क मान्य केला नाही. त्या दिवशी दोघी कामावर गेलो, कुणाला काही कळू दिलं नाही. म्हणजे आम्ही गुन्हेगार नाही, पण घर खाली करा म्हटलं तर पाठीशी उभं राहणारंही कुणी नाही. कॅमेऱ्यात तुझ्या घराचा दरवाजा दिसला, की लोक नायिकेचं नाव विसरतील आणि तुझं लक्षात ठेवतील. तुझ्या आईला रोज त्याच नळावर पाणी भरायचंय.

वडगावची लेक
हे वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. आईचा विचार मी केलाच नव्हता. म्हणजे तिला विचारलं होतं, तिनं 'कर' म्हटलं होतं, पण त्या नळाचं दोघींच्याही डोक्यात आलं नाही. गल्ली काढते. मागाची खोली दुसरीकडे शोधेन. आवाज मात्र आमच्याच मागांचा रेकॉर्ड करणार, तो कुणाला ओळखता येत नाही. नाव 'गडण'च राहील.

हिंडलगेकर
माझा विरोध कायम आहे, नावाला तर नक्कीच. पण संहितेची पानं तू पाठवलीस ती वाचली. कांडीवाली मुलगी 'तू काय करत आहेस' असं का बोलते? वडगावात कोण असं बोलतं? 'काय करूलीस' असं लिही. आपली बोली पडद्यावर येणारच असेल, तर पुस्तकी होऊन येऊ नये.