१९६९ ची स्टँडर्ड हेराल्ड: इंजिन चालू, पत्रा कुजलाय. ठेवावी का?

मुरारजी_पेठ:
नमस्कार मंडळी. आमच्या अप्पांची चार दारांची हेराल्ड, १९६९ ची, वाड्याच्या मागच्या बोळात शेडखाली तेरा वर्षं उभी आहे. अप्पा फाल्गुनात गेले, आता वाड्याची वाटणी चाललीय आणि काका म्हणतात बोळ मोकळा करून द्या. परवा भंगारवाला बघून गेला, वजनावर भाव सांगितला, मी काही न बोलता आत निघून आलो.

मागच्या रविवारी मी आणि धाकट्या भावानं बॅटरी घातली, ऑइल बदललं, प्लग साफ केले, बाटलीतून नवीन पेट्रोल डायरेक्ट पंपाला दिलं आणि चौथ्या स्टार्टरला इंजिन लागलं हो! तोच आवाज. आई हात पुसत स्वयंपाकघरातून आली आणि बोळाच्या तोंडाशी नुसती उभी राहिली. पण नंतर टायर बघायला म्हणून जॅक लावला तर गाडी वर जायच्या ऐवजी जॅकच पत्र्यात घुसला, मूठभर लाल भुगा खाली पडला. तेव्हापासून डोक्यातनं जात नाहीये.

ज्यांनी हेराल्ड बघितली नाही त्यांच्यासाठी सांगतो, हिचं बॉनेट मडगार्ड आणि दिव्यांसकट अख्खंच्या अख्खं पुढं उलटतं आणि पुढची दोन्ही चाकं उघडी पडतात. अप्पांनी टॅपेट, म्हणजे इंजिनच्या व्हॉल्व्हची फट, लावायला घेतली की मला एका टायरवर बसवायचे, फीलर गेजचं, म्हणजे फट मोजायच्या पात्यांच्या जुडग्यातलं, दहा थाऊचं (इंचाच्या शंभराव्या भागाचं) पातं माझ्या हातात, त्यांनी न बघता हात पुढं केला की द्यायचं. मला दुसरं काही काम नसायचं पण मी हललो नाही कधी तिथनं.

तर विचारायचंय हे की तुमच्याकडं असल्या जुन्या ब्रिटिश वळणाच्या गाड्या होत्या त्यांचं पुढं काय झालं? पत्रा एवढा गेल्यावर गाडी परत उभी राहते का? खोटी आशा नको, खरं काय ते सांगा.

चाटी_गल्ली:
दादा, वाचून पोटात कालवलं. आमची दोन दारांची होती, वडिलांनी १९७८ ला मुंबईहून आणली, त्याआधी तिकडं वरळीला समुद्रासमोरच्या बिल्डिंगखाली उभी असायची ती. वडील गिरणीत क्लार्क, पीएफवर कर्ज काढून घेतलेली, निळी-पांढरी, आरशासारखी चकाकायची. दुसऱ्या दिवशी गल्लीतले रेडिओ दुरुस्तीवाले मामा आले, त्यांनी जुन्या स्पीकरचं चुंबक फडक्यात बांधून दाराच्या खालच्या अंगाला लावलं तर ते चिकटेचना, सरळ खाली पडलं. वीतभर वर लावलं, टक्कन बसलं. म्हणजे खालचा वीतभर पत्रा नव्हताच, नुसती लांबी (खड्डे बुजवायचा लगदा) भरून वरनं रंग मारलेला. वडील काही बोलले नाहीत, मामांना चहा दिला आणि किती वेळ त्या दारावरनं हात फिरवत बसले.

खाऱ्या हवेनं पत्रा खाल्लाय हे कळलं पण आम्हाला वाटलं आता सोलापुरात आलीय, इथं कोरडी हवा, उन्हाळ्यात ४२-४३ डिग्री, गंज जागच्या जागी थांबेल. नाही थांबला, आणि त्याला कारण आपली काळी माती. पावसाळ्यात मंगळवेढ्याला मामाच्या रानात जायचो, ती माती मडगार्डच्या आत थापली जायची, वरनं वाळलेली दिसली तरी आतनं आठ-आठ दिवस ओली, पत्र्याला पोटीस बांधल्यासारखी. आणि आम्ही भाऊ रोज सकाळी आडाच्या मचूळ पाण्यानं वरनं गाडी पुसायचो, टोपणं चमकवायचो, खाली वाकून पाणी मारावं हे एकदाही सुचलं नाही. ते मला आज फार लागतं.

८६ च्या दिवाळीत मंगळवेढ्याहून शेंगांचं पोतं डिकीत टाकून येत होतो. देगावच्या अलीकडं एक सायकलवाला मागनं ओरडत आला, ओ मालक, शेंगा सांडायल्यात की! उतरून बघतो तर डिकीचा तळ स्टेपनीशेजारी कुजून गेलेला, त्या कडेला अडकून पोत्याची शिवण उसवलेली आणि मागं दिसेल तिथपर्यंत रस्त्यावर शेंगांची रेघ. वडील, आई, आम्ही दोघं आणि तो सायकलवाला सुद्धा, सगळे अंधार पडेपर्यंत वेचत होतो. निम्म्या मिळाल्या. घरी आल्यावर वडील म्हणाले आता हिला जास्त ताण द्यायचा नाही. दोन वर्षांनी गॅरेजवाल्याला पार्टसाठी दिली. देताना सुद्धा एका स्टार्टरला चालू झाली. इंजिननं आम्हाला कधी रस्त्यात सोडलं नाही हो, पत्र्यानं सोडलं.

तुम्ही देऊ नका. एवढंच सांगायला एवढं लिहिलं.

अक्कलकोट_रोड:
हेराल्ड २५ फुटांत वळते! आमचे काका मधल्या मारुतीच्या देवळापाशी गर्दीत एका दमात गाडी फिरवून परत टिळक चौकाकडं तोंड करायचे, रिव्हर्स टाकायची गरज नाही. लोक थांबून बघायचे. मी आजपर्यंत घेतलेल्या तिन्ही गाड्यांना ते जमलेलं नाही.

जुळे_सोलापूर:
आमची अँबॅसिडर मार्क टू. तीही मुळात ब्रिटिशच, मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज थ्री, तिकडं १९५९ ला बंद झाली आणि आपल्याकडं उत्तरपाड्याला २०१४ पर्यंत बनत राहिली. थंडीत बॅटरी बसली की पुढनं हँडल मारायचं, ते काम आजोबांनी मरेपर्यंत दुसऱ्याला करू दिलं नाही कारण हँडल उलटं फिरलं तर मनगट जातं.

हिला वेगळी चॅसी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, नाही, बॉडीच सगळा भार घेते, त्यामुळं दाराखालचा पट्टा कुजला की गाडी मधनं बसते. आमची बसली. सुरुवातीला मागचं दार थोडं उचलून लावायला लागायचं, मग दोन्ही, मग एकाला कडी बसवली. ताईच्या लग्नात सगळ्यांनी भाड्याची गाडी आणू म्हटलं तरी ती ऐकेना, म्हणाली मी आजोबांच्याच गाडीतनं जाणार. गेली पण. आजोबा मागच्या सीटवर तिच्या शेजारी बसले आणि सिद्धेश्वर मंदिरापासून सातरस्त्यापर्यंत आतनं दार हातानं धरून ठेवलं होतं, ते मला नंतर ताईनं सांगितलं. आम्ही दोनदा रंग दिला त्या गाडीला, तेवढ्या पैशात खालचा पट्टा नवीन झाला असता. रंगारी म्हणाला वरनं झाकून देतो, आम्ही हो म्हटलं. चूक आमची.

पत्रेवाला_अशोक_चौक:
दादा, वडिलांचं गॅरेज होतं, चाळीस वर्षं हेच काम बघतोय, म्हणून नीट सांगतो.

पहिली गोष्ट, हेराल्ड आहे म्हणून आशा आहे. वरती अँबॅसिडरचं लिहिलंय ते बरोबर, पण हेराल्डला खाली वेगळी चॅसी असते आणि बॉडी तुकड्या-तुकड्यांची, बोल्टनं जोडलेली. त्याला कारण आहे. हेराल्ड मुळात इंग्लंडच्या ट्रायम्फची. १९५० च्या दशकात तिथं ट्रायम्फवाल्यांना बॉडी पुरवणारी कंपनी त्यांच्या स्पर्धकानं विकत घेतली, मग अख्खी बॉडी एकसंध बनवून देणारं कोणी राहिलं नाही, म्हणून वेगवेगळ्या ठिकाणी तुकडे बनवून चॅसीवर बसवायची गाडी काढली. डिझाइन इटलीच्या मिकेलोत्तीचं, १९५९ ला तिकडं आली, १९६१ पासून मद्रासला स्टँडर्ड कंपनीनं बनवली. तुमची चार दारांची आहे ती तर इंग्लंडमध्ये कधी निघालीच नाही, आपल्याच देशात झाली. भंगारात घालू नका राव.

आता काम. दाराखालचा पट्टा हेराल्डला नुसता बोल्टनं लावलेला असतो, तो गेला म्हणून घाबरायचं नाही, पत्रा वाकवून नवीन करता येतो. जॅक कशात घुसला ते बघा. चॅसीतनं बाजूला जे हात निघतात, ज्यांच्यावर बॉडी टेकते, ते कुजले असतील तर कापून नवीन वेल्डिंग करायला लागतील, हेराल्ड सगळ्यात आधी तिथंच जाते. पण मधल्या दोन मुख्य पट्ट्या गेल्या असतील तर काम मोठं आहे, खोटं सांगत नाही. टोकदार स्क्रू ड्रायव्हर घ्या, आडवं होऊन इंचाइंचाला टोचत जा. बोटाच्या पेरानं वाजवा, चांगला पत्रा टणकन बोलतो, लांबी भरलेला ठप्प वाजतो, एकदा कान बसला की चुंबक लागत नाही. चटया आणि त्याखालचा नमदा (लोकरीसारखा जाड थर) आजच काढून टाका, ओल त्यातच राहते. दारांच्या तळाला पाणी जायची भोकं असतात, तारेनं मोकळी करा.

आणि गंजावर लांबी भरू देऊ नका कोणाला, कितीही मोठा मिस्त्री असू दे. गंज आतनं चालूच राहतो. कुजलेलं कापायचं, नवीन पत्रा जोडायचा, राहिलेलं तारेच्या ब्रशनं चमकेपर्यंत घासून रेड ऑक्साइड, म्हणजे गंज रोखणारा लाल रंग, लावायचा. वडील शेवटी जुनं इंजिन ऑइल आतल्या पोकळीत फवारायचे, वास येतो महिनाभर पण पत्रा टिकतो. बॉडी चॅसीवरनं उचलायची वेळ आली तर आधी दारांच्या चौकटीत आडव्या पट्ट्या मारून घ्या, नाहीतर बॉडी वाकते आणि परत दारं जुळत नाहीत.

कागद असतील तर सांभाळा. २०२१ पासून केंद्राचा नियम आलाय, ५० वर्षांवरच्या, मूळ रूपात ठेवलेल्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून नोंदणी मिळते, नंबरात व्हीए ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीला २० हजार फी आणि दहा वर्षं चालते. रोजच्या वापराला मात्र नाही.

मुरारजी_पेठ:
सगळ्यांना काय बोलू. शेंगांची रेघ वाचताना आईला मोठ्यानं वाचून दाखवलं, ती म्हणाली आमच्या गाडीतनं सिद्धेश्वरच्या गड्ड्याच्या जत्रेहून येताना एकदा डिकीत ठेवलेलं लाटणं असंच गेलं होतं. अप्पांनी हे मला कधी सांगितलं नाही.

काल सांगितल्याप्रमाणं आडवा झालो. डावीकडचे हात दोन्ही गेलेत, स्क्रू ड्रायव्हर आरपार. उजवीकडचा मागचा गेलाय, पुढचा टणक आहे. मधल्या दोन्ही मुख्य पट्ट्या टोचून टोचून बघितल्या, एका जागी पापुद्रा निघाला पण खाली लोखंड लागलं. नमदा काढला तर खाली एका कोपऱ्यात अप्पांनी रेड ऑक्साइड लावलेलं सापडलं, हातानं, ब्रशचे केस त्यात चिकटलेले. त्यांना माहीत होतं म्हणजे. आणि सीटखाली तेल लावलेल्या फडक्यात गुंडाळलेलं फीलर गेज.

काकांकडनं दिवाळीपर्यंत मुदत मागून घेतलीय. पत्रेवाले दादा, तुम्ही स्वतः बघायला याल का? गाडी बोळातनं बाहेर काढायची म्हणजे ढकलायला माणसं लागतील.

पत्रेवाला_अशोक_चौक:
रविवारी सकाळी आठला येतो. तोवर जॅक परत लावू नका, पुढच्या चाकांना विटा द्या.

चाटी_गल्ली:
मी पण येतो ढकलायला. भावाला पण आणतो.