भोपाळला तीन मॅच, १२० मिनिटं. नातू खेळला ११. सरांशी बोलावं का?

सुदामा नगरचे आबा, इंदूर

नमस्कार मंडळी. विद्युत मंडळातून रिटायर होऊन मला नऊ वर्षं झाली. मुलगा-सून दोघंही नोकरीत, म्हणून नातवाला फुटबॉलला न्यायचं-आणायचं काम माझ्याकडे आहे. आठवड्यातले चार दिवस, पहाटे साडेपाचला, स्कूटरवर. तीन वर्षांत ताप आला तेव्हाचे दिवस सोडले तर त्यानं प्रॅक्टिस बुडवलेली नाही. हे आधी सांगतोय, कारण आळशी मुलाची बाजू घ्यायला मी इथे आलेलो नाही.

गेल्या महिन्यात त्याच्या अकादमीची तेरा वर्षांखालची टीम भोपाळला दोन दिवसांच्या टूर्नामेंटला गेली. नऊ-नऊ जणांच्या मॅच, वीस-वीस मिनिटांचे दोन हाफ. प्रत्येक मुलाचे ३,२०० रुपये. त्यात बस, राहणं, जेवण, एंट्री फी. मुलं अठरा. पालकांपैकी मी आणि आणखी दोघं. बस पहाटे चारला सुटली. डोडीला चहाला थांबलो तेव्हा सगळी पोरं पेंगत होती, आमचा मात्र तिखटमिठाच्या पुऱ्या खात मला सांगत होता की लेफ्ट विंगवर, म्हणजे मैदानाच्या डाव्या कडेला, बॉल आला की तो काय करणार.

मला वहीची सवय आहे. नोकरीत रोज रीडिंग लिहायचो, आता मॅचची मिनिटं लिहितो. पहिल्या मॅचला शेवटची ४ मिनिटं. दुसरीला शून्य. तिसरीला ७. चार मुलं तिन्ही मॅच पूर्ण खेळली. दुसऱ्या मॅचमध्ये आपण हाफ टाइमलाच ४-० पुढे होतो. तेव्हाही सरांनी त्याला बिब (बाहेर बसलेल्यांनी घालायचं रंगीत जाकीट) काढून वॉर्म-अपला उठवलं, मग परत बसवलं. असं तीनदा झालं. नुसतं बसवून ठेवलं असतं तर मी समजून घेतलं असतं. पण दर वेळी तो बुटाची नाडी पुन्हा आवळून बांधत होता, ते काही मला बघवेना.

परतताना बसमध्ये म्हणाला, "आबा, पुढच्या टूरला तुम्ही येऊ नका." मी कारण विचारलं नाही. सिहोर मागे पडल्यावर त्यानंच सांगितलं, "तुम्ही लिहिता ना, ते मला दिसतं."

सर वाईट नाहीत. ओरडत नाहीत, शिव्या देत नाहीत, मुलांना जीव लावतात. म्हणूनच पेच पडलाय. बोललो तर 'तक्रार करणारे आजोबा' म्हणून नातवाच्या नावावर ते चिकटेल का? आणि बोलायचं झालं तर नेमकं मागायचं काय? सगळ्यांना सारखी मिनिटं मागणं स्पर्धेच्या टीममध्ये योग्य आहे का? ज्यांची मुलं या वाटेनं गेली आहेत त्यांनी सांगावं.

ग्वाल्हेरचा बाबा

आबा, सरळ पैसे परत मागा. पूर्ण फी घेतली म्हणजे खेळवणं आलंच.

महूचा जुना गोलकीपर

आबा, नमस्कार. मी महूत छावणीच्या मैदानांवर फौजी टीमचा खेळ बघत मोठा झालो, आता बारा-तेरा वर्षांच्या मुलांना शिकवतो. आपण वही ठेवलीत म्हणून हिशेब मांडता येतोय, तो मांडूया.

नऊ जण, चाळीस मिनिटं. गोलकीपर पूर्ण वेळ धरला तर उरतात आठ जागा, म्हणजे ३२० मिनिटं. अठरा मुलं नेली, त्यातला एक कीपर, राहिली सतरा. प्रत्येकाला जेमतेम १९ मिनिटं. म्हणजे अगदी समसमान वाटलं तरी एकाही मुलाला अर्धी मॅच मिळत नाही, आणि असं वाटायला सेमी-फायनल डोळ्यांसमोर असलेला कोच तयार होत नाही. तो चार जणांना पूर्ण ठेवतो आणि त्याची भरपाई शेवटच्या पाच-सहा मुलांच्या वाट्यातून होते. आपला नातू त्यात सापडला.

तीच टीम चौदाची नेली असती तर? कीपर सोडून तेरा. मी चाळीस मिनिटांच्या दहा-दहाच्या चार पाळ्या करतो. आठ जागा, चार पाळ्या, एकूण ३२ वाटे. तेरा मुलांना दोन-दोन दिले की २६ होतात, उरलेले सहा वाटे त्या दिवशी ज्यांचा खेळ चाललाय त्यांना. कुणीही अर्ध्या मॅचपेक्षा कमी खेळत नाही आणि कोचच्या हातात जिंकायला सहा वाटे राहतात. मी मॅचच्या आधीच कागदावर पाळ्या लिहून मुलांना दाखवतो. आपण कुठल्या पाळीत आहोत हे माहीत असलं की मूल बाहेर बसूनही खेळ बघतं, नाहीतर ते फक्त सरांच्या तोंडाकडे बघतं.

मग अठरा का नेतात? बसचं भाडं ठरलेलं असतं. मुलं वाढली की प्रत्येकाच्या अंगावर कमी पडतं, आणि कुणाच्या पालकांना 'तुमचा येत नाहीये' असं सांगावं लागत नाही. मी स्वतः दोन वर्षं हेच केलं. ज्यांना न्यायला नको होतं त्यांना नेलं, आणि नेऊन बसवलं. एका मुलानं त्यानंतर खेळ सोडला. ते मी विसरलेलो नाही.

आणखी एक गोष्ट विचारा: त्या टूर्नामेंटला बदलीचा नियम काय होता? फुटबॉलचे नियम ठरवणाऱ्या आयएफएबी या संस्थेनं मुलांच्या खेळात बाहेर काढलेल्याला पुन्हा आत आणायची मुभा ठेवलेली आहे, पण ती द्यायची की नाही हे महासंघ आणि त्या त्या स्पर्धेवर असतं. काही आयोजक मोठ्यांसारखे पाचच बदल देतात, परत आत येणं नाही. तसं असेल तर एका मॅचला जास्तीत जास्त चौदा मुलं मैदानात पाय ठेवू शकतात. बाकीची चार कोचची कितीही इच्छा असली तरी खेळूच शकत नाहीत. हे मुलांना आणि पालकांना बस सुटायच्या आधी माहीत असायला हवं.

म्हणून मिनिटं मागू नका. "पुढच्या टूरला किती मुलं नेणार, बदल किती, आणि याचा नंबर त्यात कितवा?" एवढं विचारा. याचं उत्तर कुठल्याही कोचला देता आलं पाहिजे.

बडोद्याची आई

गोलकीपर दादांचा हिशेब पटला, पण मिनिटं मोजून सगळं कळत नाही. माझी मुलगी दोन वर्षं मिनिटांच्या हिशेबात बरोबर बसायची, पण तिला आत पाठवायचे ते मॅच हातची गेल्यावर किंवा पूर्ण खिशात आल्यावर. ०-० असताना कधीच नाही. तिला ते बरोबर कळत होतं. कोणती मिनिटं मिळतात तेही बघा, आबा.

आणि नातवाचा जन्म कोणत्या महिन्यातला? वयोगट १ जानेवारीपासून धरतात. माझी नोव्हेंबरची. तिच्याच गटातल्या जानेवारीच्या मुली दहा महिन्यांनी मोठ्या, त्या वयात ते खांद्यात आणि पायात दिसतं. वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली मुलं निवडीत जास्त सापडतात, हे बऱ्याच देशांच्या फुटबॉलमध्ये आढळलेलं आहे. ती कमी पडते असं मला दोन वर्षं वाटत होतं. ती फक्त लहान होती. पंधराव्या वर्षी उंची आली आणि आता ती स्टॉपरला, म्हणजे बचावाच्या मधोमध, पूर्ण मॅच खेळते.

लोकमान्य नगरची, सध्या न्यू जर्सी

आबा, माझं माहेर तुमच्या जवळच. माझा मुलगा इथे ट्रॅव्हल टीममध्ये आहे, म्हणजे दर शनिवार-रविवारी दुसऱ्या गावी गाडी हाणायची. इथली पद्धत सांगते, उपयोग झाला तर बघा.

इथे दोन वेगळ्या वाटा आहेत. गल्लीतल्या मुलांसाठी मनोरंजनाच्या लीग असतात. त्यातली अमेरिकन यूथ सॉकर ऑर्गनायझेशन ही १९६४ साली कॅलिफोर्नियात सुरू झालेली संस्था प्रत्येक मुलाला किमान अर्धी मॅच खेळवतेच, तो तिचा पायाच आहे. ट्रॅव्हल टीममध्ये तशी हमी नसते, निवड होते. पण तिथेही यादीला मर्यादा आहे: सात जणांच्या खेळाला जास्तीत जास्त १२ मुलं, नऊ जणांच्या खेळाला १६. तेरा वर्षांखालच्या गटापासून अकरा-अकरा सुरू झाले की मॅचच्या दिवशी १८. काही लीगमध्ये क्लबच्या नोंदणीत त्याहून जास्त मुलं चालतात, पण त्या दिवशीच्या यादीत १८ च, आणि ज्याचं नाव नाही त्याला दोन दिवस आधी कळवतात. मुलगा रडतो, पण घरी, आपल्या माणसांत रडतो.

आणि इथे बहुतेक क्लब सांगतात की मॅचनंतर २४ तास कोचशी बोलायचं नाही. मला सुरुवातीला राग यायचा. आता वाटतं, त्या दिवशी मी जे बोलले असते ते मुलासाठी नसतं, माझ्यासाठी असतं. बारा वर्षांचा आहे ना? मग पहिला प्रश्न त्यालाच विचारू द्या. तुम्ही मागे उभे राहा.

सुदामा नगरचे आबा, इंदूर

सगळ्यांचे आभार. ग्वाल्हेरकर, पैसे मागणार नाही. ते देताना खेळाच्या प्रवासाचे म्हणून दिले, मिनिटांचे म्हणून नव्हे.

ताई, तो डिसेंबरचा. टीममध्ये त्याच्याहून लहान एकच आहे, हे तुम्ही विचारल्यावर मी तपासलं.

न्यू जर्सीच्या लेकीनं सांगितलं तसं केलं. बुधवारी प्रॅक्टिस संपल्यावर नातू एकटा सरांकडे गेला, मी स्कूटरपाशी थांबलो. त्यानं विचारलं, "सर, मी आत यायला काय कमी पडतंय?" सर पाच मिनिटं बोलले, गुडघ्यावर बसून. मग मला हाक मारली. मी महूच्या गोलकीपर साहेबांचे तीन प्रश्न विचारले. भोपाळला पाचच बदल होते, परत आत येणं नव्हतं. म्हणजे दर मॅचला चार मुलं बसणारच होती. सर म्हणाले, "आधी सांगायला हवं होतं, माझी चूक झाली." मुलाला तीनदा उठवून बसवल्याचंही मी बोललो. ते गप्प झाले, मग नातवाच्या खांद्यावर हात ठेवला.

पुढची टूर रतलामची. या वेळी चौदाच मुलं नेली आणि आमचं नाव चौदांत नव्हतं. हे त्याला आठवडाभर आधी कळलं. एक दिवस जेवला नाही नीट. पण त्याच रविवारी अकादमीतल्या उरलेल्या मुलांची देवासच्या टीमशी मैत्रीची मॅच ठेवली होती. मी गेलो होतो, त्यानंच बोलावलं. वही नेली नाही. घड्याळ मात्र हातात असतंच: चाळीसपैकी ३४ मिनिटं, आणि पहिली वीस ०-० असताना.

आता एक विचारायचं आहे. सरांनी त्याला सांगितलंय की त्याचा उजवा पाय अजिबात चालत नाही, म्हणून त्याला आत वळता येत नाही आणि समोरचे फक्त त्याची डावी बाजू अडवतात. गोलकीपर साहेब, घरी गच्चीवर, भिंतीशी करता येईल असा उजव्या पायाचा काही सराव असेल तर सांगावा. गच्ची साधारण बारा फूट बाय वीस फूट आहे.