बकऱ्याची कातडी मीठ लावूनही नाकारली जातात, चूक कुठे होते?

सिन्नरकर_मटण
दुकानात रोज ६-७ बकरे, रविवारी १५-१६. कातडी मागच्या शेडमध्ये ठेवून आठवड्याला व्यापाऱ्याला देतो. दोन महिने झाले, प्रत्येक खेपेत तिसरा हिस्सा 'रिजेक्ट' म्हणून निम्म्या भावात जातोय. व्यापारी तीन कारणं सांगतो: पोटाकडचे केस सुटतात, मांसाच्या बाजूला लालसर डाग पडतात आणि सुरीचे कट असतात. मीठ लावतो, कातड्यामागे दोन मुठी. उरलेलं झटकून पुढच्या खेपेला वापरतो. सोलायला दोन पोरं आहेत, सुरीनेच सोलतात. नेमकं काय बदलू?

कच्चामाल
दादा, व्यापारी खोटं बोलत नाही. तिन्ही कारणं तुमच्याच शेडमधली आहेत.

केसांपासून सुरू करू. ताज्या कातड्यात साठ टक्क्यांच्या वर पाणी असतं, त्यात रक्त आणि शेण लागलेलं. बकरा पडल्यापासून जिवाणू कामाला लागतात आणि आधी केसांची मुळं सैल करतात. उन्हाळ्यात मीठ लागायला ३-४ तासांपेक्षा जास्त वेळ गेला की मग कितीही मीठ ओता, सुटलेला केस परत धरत नाही. दिवसभराची कातडी संध्याकाळी एकदम मिठात घालत असाल तर सकाळचा माल तिथेच गेला. त्यात ताजी, गरम कातडी एकावर एक टाकली की मधली वाफाळतात. सोलल्यावर थंड पाण्याने रक्त-शेण धुवा (भिजत ठेवू नका), बांबूवर टाकून पाणी निथळू द्या, अर्ध्या तासात अंगातली ऊब जाते. मग लगेच मीठ.

दोन मुठी म्हणजे फार तर दीडशे-दोनशे ग्रॅम. लागतं कातड्याच्या वजनाच्या ४० ते ५० टक्के. दीड ते दोन किलोचं कातडं असेल तर पाऊण ते एक किलो. रोजची दहा कातडी १८ किलो भरली तर ८ किलो मीठ काढून ठेवा. त्यात ३०० ग्रॅम धुण्याचा सोडा मिसळला तर मिठाचे डाग कमी पडतात. दाणा साखरेपेक्षा थोडा मोठा हवा. बारीक मीठ लगेच विरघळून पाण्याबरोबर वाहून जातं. मोठे खडे असले तर दोन खड्यांमधली जागा कोरी राहते आणि सडायला तिथूनच सुरुवात होते.

मीठ लावायच्या आधी चरबी आणि मांसाचे तुकडे काढा. मीठ चरबीतून आत शिरत नाही. कान, शेपटीचं हाड, खूर, आचळ ठेवू नका. मांसाची बाजू वर करून कातडं पसरा, मानेपासून शेपटीपर्यंत हाताने चोळा. कडा, मान आणि पायांच्या घड्या विसरू नका, बहुतेक लोक मधे ढीग ओततात आणि कडा बिनमिठाच्या सोडतात. थप्पी उतरत्या फळीवर किंवा ओट्यावर लावा, खारं पाणी वाहून जायला हवं. उंची मीटरभरापेक्षा जास्त नको. दुसऱ्या दिवशी वरचं कातडं उचलून बघा. न विरघळलेले दाणे दिसले तर पुरेसं लागलं. सगळं पाणी झालं असेल तर आणखी टाका. ४-५ दिवसांनी थप्पी उलटवा, वरचं खाली. ८-१० दिवसांत माल तयार होतो. मुठीत पिळलं तर थेंब पडू नये.

लाल डाग म्हणजे तुमचं झटकलेलं जुनं मीठ. मिठागरातल्या मिठात खारातच वाढणारे जिवाणू असतात, ते उष्णतेत लाल रंग धरतात. जुनं मीठ पुन्हा वापरणं म्हणजे त्यांना पुढच्या खेपेत पेरणं. नवं मीठ घ्या, फळी खरवडून धुवा. आठ किलो मिठाच्या पैशासाठी पूर्ण थप्पी घालवू नका.

टॅनिंग_वाणियंबाडी
सुरीबद्दल मी लिहितो, कारण कातडी कमावणारे आणि रिजेक्शन बघणारे आम्हीच. भोक पडलं तर ते दिसतं तरी. खरा घोळ अर्धवट कटाचा. मांसाच्या बाजूने सुरी निम्म्या जाडीपर्यंत गेलेली असते, मीठ लावताना दिसत नाही, व्यापाऱ्यालाही नाही. कमावल्यावर मशीनवर जाडी सारखी करताना तिथे कातडं फाटतं. बकऱ्याचं कातडं आधीच पातळ, बगल आणि कूस तर त्याहून.

बकरा मागच्या पायांना टांगून, गरम असतानाच सोला. सुरी फक्त चिरेपुरती: हनुवटीपासून पोटाच्या मध्यरेषेवरून गुदापर्यंत सरळ, मागच्या पायांची चीर टाचेपासून आतल्या बाजूने आणि पुढच्या पायांची गुडघ्यापासून छातीच्या मध्यावर मिळेल अशी. चीर वाकडी गेली की कातड्याला एका बाजूला शेपूट आणि दुसऱ्या बाजूला खाच येते. माल चौरस फुटांवर मोजला जातो, खाच पकडत नाहीत. चिरेनंतर सुरी बाजूला ठेवा. मूठ वळून बोटांच्या सांध्यांनी कातडं आणि मांस यांच्यामधली पांढरी जाळी दाबत खाली ओढा. मानेला आणि खांद्याला धरतं, तिथेच पोरं सुरी काढतात. तिथे काढायचीच असेल तर टोक गोल असलेली आणि पातं मांसाकडे वळवून. आणि सोललेलं कातडं फरशीवरून ओढू नका, केसांखालच्या गुळगुळीत थरावर ओरखडे पडतात. त्या थराला आम्ही ग्रेन म्हणतो, किंमत त्याचीच.

उस्मानाबादी बकऱ्याचा ग्रेन बारीक आणि घट्ट असतो, त्यामुळे मागणी आहे. पण गोचीड, देवीचे व्रण आणि काटेरी कुंपणाचे ओरखडे यांना तुमचा काही इलाज नाही. ते वेगळे काढून 'दुय्यम' म्हणून द्या. त्यांच्या नावाने चांगल्या मालाचाही भाव पाडला जातो.

आणखी एक: लोखंडी ड्रम, गंजका पत्रा, खिळे यांच्यापासून कातडी लांब ठेवा. लोखंडाचा डाग झाडपाल्याच्या टॅनिंगमध्ये (सालपाल्याच्या अर्काने कातडं कमावताना) काळानिळा उठतो.

भोरचा_खाटीक
मीठ महाग झालंय. पत्र्यावर उन्हात वाळवून दिलं तर चालतं का? जुने लोक असंच करायचे.

कच्चामाल
सावलीत, फ्रेमवर ताणून, वारं खेळतं ठेवून वाळवायचे. पत्र्यावर नाही. मे महिन्यात पत्रा साठ अंशांच्या वर जातो आणि ओलं कातडं त्या तापमानाला आकसून शिजतं. वरून कडक, आत ओलं. टॅनरीत (कातडी कमावण्याच्या कारखान्यात) भिजवलं की सरससारखं होतं, त्याचं चामडं होत नाही. तबल्याच्या पुडीवाल्यांना द्यायचं असेल तर मात्र मीठ नकोच, कारण मीठ हवेतलं पाणी ओढतं आणि पुडी ढिली पडते. त्यांना आधी विचारा, कातडं कसं हवं ते तेच सांगतील.

पशुवैद्य_मराठवाडा
वाडी-वस्तीवरून 'मेलेलं' बकरं कातड्यासाठी आलं तर हात लावू नका. अचानक मरण, नाक-तोंड-गुदातून न गोठणारं काळसर रक्त म्हणजे काळपुळीचा (अँथ्रॅक्सचा) संशय. अशा जनावराला चीर दिली की जंतूंचे बीजाणू होतात आणि ते मातीत वर्षानुवर्षं टिकतात. मीठ त्यांचं काही वाकडं करत नाही. पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. रोजच्या कामातही हाताला जखम असेल तर हातमोजे घाला.

सिन्नरकर_मटण
वजनकाटा आणि नवं मीठ उद्याच आणतो. दोन प्रश्न राहिले. बकरी ईद यंदा उन्हात आहे, एकाच दिवशी शंभरेक कातडी येतील. आणि जुनं मीठ टाकायचं कुठे?

कच्चामाल
ईदला घरोघरी सोलणारे हौशी हात असतात, कट जास्त, माल एकदम आणि भाव पडलेला. शंभर नग म्हणजे ८० ते ९० किलो मीठ, आदल्या दिवशीच भरून ठेवा. दुपारी आलेल्या प्रत्येक कातड्याचा पोटाचा केस चिमटीत ओढून बघा. केस आला तर ते वेगळं काढा, थप्पीत घालू नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून आलेलं आधी मोकळं करा, त्यात तासाभरात वाफ धरते. पाठवताना मांसाची बाजू आत घेऊन पाठीच्या कण्यावर घडी घाला आणि बारदानात भरा.

जुनं मीठ शेताच्या बांधावर किंवा विहिरीजवळ टाकू नका, तिथे काही उगवणार नाही. कोरडं करून गोणीत भरा आणि नगरपालिकेच्या कचरा विभागाला विचारून द्या.