मदत हवी आहे : कार्यालयातल्या कार्यालयात मूल्यमापन कसं सुरू करावं?

मुंबईत परदेशी नोकरीला जाणाऱ्या कामगारांशी संबंधित सरकारी कार्यालयात आहे. दहावी न झालेले, ईसीआर पासपोर्टवाले (म्हणजे ठरावीक देशांत नोकरीला जाण्यापूर्वी सरकारी मंजुरी लागणारे), आखातात निघालेले गवंडी, ड्रायव्हर वगैरे. निघण्यापूर्वी त्यांना एक दिवसाचं प्रशिक्षण देतात. त्याचा तिथे उपयोग होतो का, हे आम्हीच तपासावं असं वरून आलंय.

वर्ग संपताच फॉर्म भरून घेतले. सगळ्यांवर ‘उत्तम’, वीसेक फॉर्म तर एकाच हस्ताक्षरात! तीन महिन्यांनी फोन केले, तर भारतातलं सिम बंद. घरच्यांचा नंबर लागतो, पण करारातला पगार आणि हातात येणारा पगार यातला फरक त्यांना माहीत नसतो.

बाहेरच्या संस्थेकडून अहवाल करून घ्या, असं कृपया सुचवू नका. तो कपाटात जातो, शिकलेलं आमच्याकडे राहत नाही. नवी पदं मिळणार नाहीत. दोन लिपिक, एक सांख्यिकी सहायक, एक्सेल एवढंच आहे, त्यात बदल्या. ई-मायग्रेट या परदेशी नोकरीच्या सरकारी पोर्टलवरची कामगारांची नावानिशी माहिती बाहेर देता येत नाही.

प्रशिक्षण सगळ्यांनाच मिळतं, मग तुलना कोणाशी करायची? आणि तिथे पोचल्यावर माणूस सापडावा म्हणून निघण्यापूर्वी नेमकं काय नोंदवून ठेवावं?