मदत हवी आहे: बीपी उतरलं तरी बाबांच्या गोळ्या का चालू?

आम्ही ठाण्यात, वर्तकनगरला राहतो. बाबा ७१ वर्षांचे. बीपी जुनंच, पण गोळी आठवली तर घ्यायची असा कारभार. गणपतीत पायांवर सूज आली, उपवनला एका फेरीत तीनदा बसावं लागलं. टूडी एकोत हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड आणि पंपिंग जेमतेम ३५ टक्के निघालं. आधी रामिप्रिल दिली होती. कोरड्या खोकल्याने झोप उडाली, म्हणून आता टेल्मिसार्टन आणि जोडीला स्पायरोनोलॅक्टोन.

आता बीपी ११०/७० येतंय आणि बाबा हटून बसलेत, "बीपी उतरलंय ना, मग गोळ्या कशाला?" डॉक्टर घाईत एवढंच म्हणाले, की या गोळ्या हार्मोनसाठी आहेत.

मला कळलंय ते असं: रक्त कमी पोचलं की मूत्रपिंड रेनिन सोडतं. त्यातून पुढे अँजिओटेन्सिन-२ बनतं. ते रक्तवाहिन्या आवळतं आणि अल्डोस्टेरॉन वाढवतं, आणि अल्डोस्टेरॉन मीठ-पाणी अंगात धरून ठेवतं. ही तर जीव वाचवणारी सोय! मग तिचा हृदयाला त्रास का? तोही बीपी नॉर्मल असताना?

पथ्य मी कडक पाळते. आईने लो-सोडियम मीठ आणलंय, रोज एक शहाळंही देतो. साध्या भाषेत सांगा, बाबांना वाचून दाखवायचंय.

प्रतिसाद

ताई, आधी ते मीठ आणि शहाळं थांबवा. त्या मिठात पोटॅशियम क्लोराइड असतं, शहाळ्यातही पोटॅशियम भरपूर, आणि बाबांच्या दोन्ही गोळ्या पोटॅशियम अंगात राखतात. ते फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, आधी काही जाणवेलच असं नाही. ऐरोलीला माझ्या सासूबाईंचं पोटॅशियम असंच वाढून ६.१ निघालं होतं, ॲडमिट करावं लागलं. आजच डॉक्टरांना फोन करा, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी तपासणी) कधी तपासायचं विचारा. गुडघे दुखले तर डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामक गोळीही मनाने नको.

आता बाबांसाठी. काका, ही सोय जुलाब, रक्तस्राव अशा दोन-चार दिवसांच्या संकटासाठी आहे. तुमचं हृदय थकलंय, त्यामुळे मूत्रपिंडाकडे रक्त कमी जातं. त्याला वाटतं अंगातलं पाणीच आटलं, म्हणून ते रोजच रेनिन सोडत राहतं. थकलेल्या हृदयाला मग आवळलेल्या नळ्यांतून जास्तीचं पाणी ढकलावं लागतं. शिवाय ही हार्मोन्स थेट हृदयाच्या स्नायूवरही काम करतात. पेशी जाडावतात, मध्ये चिवट तंतू साठतात, भिंत ताठरते. बीपीच्या मशीनवर यातलं काही दिसत नाही. तुमच्या गोळ्या याच हार्मोन्सचं काम रोखतात, म्हणून बीपी उतरलं तरी त्या लागतात. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या रेल्स चाचणीत हार्ट फेल्युअरच्या गंभीर रुग्णांना इतर औषधांबरोबर स्पायरोनोलॅक्टोन दिल्यावर मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी सोडू नका.

धागाकर्ती

मिठाचं पाकीट काढून ठेवलं. डॉक्टरांशी बोलले, उद्या सकाळी रक्त द्यायला जातोय. बाबांनी तुमचा प्रतिसाद दोनदा वाचायला लावला, मग स्वतःच गोळ्यांचा डबा मागितला. विचारतायत, शहाळं बंद तर बिनमिठाचं ताक चालेल का?